पाचामुखी परमेश्वर

२९ जुलै २०२१ची दुपार. चातुर्मास नुकताच बसला होता, त्यामुळे जेवणंखाणं लवकर आटोपलेली. आमच्या इंदूरच्या घरात टीव्हीसमोर आम्ही तिघी बसलो होतो. मी, माझी सून आणि कॉलेजात जाणारी नात. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमची लढत होती, कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाशी. नातीच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये एक ॲप. पडद्यावर एक बाजू लाल, एक बाजू निळी, मध्ये फेऱ्यांचे आकडे. प्रत्येक फेरी संपली की आपण आपले गुण द्यायचे. जिंकली तिला दहा, हरली तिला नऊ. एखादीनं फारच मार खाल्ला असेल तर आठ. शेवटी ॲप बेरीज करून सांगतं की तुमच्या मते कोण जिंकलं.

नात म्हणाली, "आजी, तूपण दे मार्क. पण मनातल्या मनात नको हं. लिहून दे."

मी दिले. पहिली फेरी मेरी. दुसरी मेरी. तिसरी मेरी. तीस-सत्तावीस! निकालाला पंचांनी हात वर केला तो व्हॅलेन्सियाचा. तीन विरुद्ध दोन. मी रागानं रिमोट आपटला. सून म्हणाली, "अन्याय आहे सरळसरळ." नात मात्र गप्प होती. तिच्या कार्डावर व्हॅलेन्सिया जिंकली होती. मी तिला म्हटलं, "अगं, तुला मेरीचं काहीच वाटत नाही?" ती म्हणाली, "आजी, तू मेरीला मार्क दिलेस. फेरीला नाही दिलेस."

ते वाक्य मला लागलं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. ठोशाला गुण कोणी, कधी, कसे द्यायला सुरुवात केली? आणि घरात बसलेल्या बाईनं, जिला कोणी विचारलेलं नाही, आपलं कार्ड लिहायचं ते कशासाठी?

आधी एक कबुली देते. जैन घरातली बाई आणि मुष्टियुद्ध बघते, म्हणजे काय! हे मला मंदिरातल्या मैत्रिणींनी ऐकवून झालंय. त्यांचं चुकत नाही. एकानं दुसऱ्याला मारायचं हाच ज्या खेळाचा नियम, तो बघताना मलाही अधूनमधून टोचतं. धंदेवाईक लढतींत माणसं बेशुद्ध पडतात, काही जीवही गमावून बसलेत. त्या मी बघत नाही. ऑलिम्पिकच्या पद्धतीच्या, तीन फेऱ्यांच्या, बायकांच्या डोक्याला संरक्षक टोप असलेल्या लढती बघते. पण म्हणून टोचणी पूर्ण जाते असं नाही, आणि ती गेली असं मी इथे लिहिणारही नाही.

पण मैत्रिणींनो, आपल्या पुराणात मुष्टियुद्ध नाही असं कोणी म्हणू नये. भरत आणि बाहुबली, ऋषभदेवांचे दोन पुत्र. दोघांच्या सेना समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं की हजारो माणसं मारू नका, तुम्ही दोघंच लढा. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात तीन लढती आहेत, दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्य पाच सांगतात, त्यांत मुष्टियुद्धही येतं. त्या कथेत बाहुबली भरतावर मूठ उगारतो आणि वरच्या वर थांबतो. त्याच उगारलेल्या मुठीनं तो स्वतःच्या डोक्यावरचे केस उपटतो आणि दीक्षा घेतो. इंदूरच्या गोमटगिरीवर त्याची २१ फुटी मूर्ती आहे आणि माझ्या माहेरच्या बाजूला, कोल्हापूरजवळच्या कुंभोजला, २८ फुटी. दोन्हीकडे मी लहानथोरांना घेऊन गेले आहे. पण एक गोष्ट या लढतींच्या नादाला लागल्यावरच माझ्या लक्षात आली. त्या कथेत दोन्ही बाजूंची माणसं बघायला उभी आहेत. लढत फक्त दोघांची, पण निकाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बाहुबली जिंकला याबद्दल भरताच्या माणसांनाही शंका नव्हती.

निकाल डोळ्यांना दिसावा, ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे शेतकरी जैन घरांतली मुलंही तालमीत जात. माझे काका जात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचं मैदान बांधलं, तिथल्या गोष्टी ते आम्हाला सांगत. जुन्या कुस्तीत गुण नव्हते. पाठ लागली की चितपट, नाही लागली की कुस्ती चालू. तासभर चालली तरी चालू, नाहीतर बरोबरीत सोडवली. लांबच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही कळायचं की कोण पडलं. वाद होत, पण ते पाठ टेकली की नाही एवढ्यावरच.

इंग्लंडातलं मुष्टियुद्धही आधी असंच होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उघड्या मुठींनी लढायचे. एकजण पडला की फेरी संपली. थोडा श्वास घ्यायचा आणि मैदानाच्या मधल्या रेषेवर परत यायचं. ज्याला येता आलं नाही तो हरला. गुणांचा प्रश्नच नव्हता. १८६७ साली क्वीन्सबेरीचे म्हणून ओळखले जाणारे नियम आले. हातमोजे घालायचे, तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद. खेळ सुधारला, माणसं वाचू लागली. पण त्यातून एक नवीच अडचण निर्माण झाली. ठरलेल्या फेऱ्या संपल्या आणि दोघंही उभेच असले, तर जिंकलं कोण? आता कोणीतरी बाहेरून बघून सांगायला हवं होतं. लंडनमध्ये १८८० साली हौशी मुष्टियोद्ध्यांची संघटना स्थापन झाली आणि गुण देऊन विजेता ठरवण्याची पद्धत तिच्यामुळे रुळली. खेळ जितका कमी जीवघेणा झाला, तितकी पंचाची गरज वाढली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणूस आडवा पाडून निकाल लावणं सोडलं, की डोळ्यांवर आणि नीतीवर भरवसा ठेवावा लागतो.

आणि तो भरवसा ठेवणं सोपं नव्हतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं १९११ साली एक कायदा केला. लढती होऊ द्या, दहा फेऱ्यांच्या, पण गुणांवर विजेता जाहीर करायचा नाही. सट्टा आणि लाचलुचपत थांबावी म्हणून. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले तर निकालच नाही. लोक काय गप्प बसणार? वर्तमानपत्रांचे बातमीदार कडेला बसून आपापला निकाल लिहू लागले आणि दुसऱ्या दिवशी लोक पेपर उघडून बघत, कोण जिंकलं. सट्टाही त्याच निकालांवर लागे. एका पेपरात एक जिंकलेला, दुसऱ्यात दुसरा. गुणांवर निकाल द्यायला कायद्यानं परवानगी मिळाली ती १९२० साली. पण मधल्या काळात एक सवय लागून गेली. पंच नसलेला माणूसही लढत बघून आपलं मत फेरीवार लिहू शकतो, ही ती सवय. नातीच्या मोबाईलमधल्या ॲपचं मूळ मला तिथे दिसतं. पुढे टीव्ही आला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहिनीनं १९८६पासून हॅरल्ड लेडरमन नावाच्या पंचाला लढत चालू असतानाच आपलं कार्ड प्रेक्षकांना सांगायला बसवलं. हे गृहस्थ मूळचे औषधांच्या दुकानातले! त्यांच्या कार्डाला अधिकृत किंमत शून्य, पण घराघरातली माणसं आपलं कार्ड त्यांच्या कार्डाशी ताडून बघायची.

इथे इंदूरकरणी विचारतील, यात नवल काय? स्कोअर तर आम्ही पिढ्यान्पिढ्या घरी लिहितोय. खरं आहे. हे शहर होळकरांच्या क्रिकेट संघाचं. सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली या संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४५-४६च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धावा केल्या, एका डावात सहा जणांची शतकं! माझ्या सासूबाई लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा घरातले पुरुष हीच गोष्ट सांगत असत. पुढे रेडिओवर हिंदी समालोचन आलं, आमच्याच गावच्या सुशील दोशींचा आवाज घराघरात गेला. सासूबाई पापड लाटता लाटता धावफलक वहीत टिपून ठेवायच्या. कचेरीतून आलेल्या माणसांना वही दाखवायची, हे त्यांचं काम. किराण्याच्या हिशेबाच्या मागच्या पानावर गावसकर असायचा.

पण ते लिहिणं आणि हे लिहिणं यांत फरक आहे. क्रिकेटचा स्कोअर आपण लिहीत नाही, उतरवून घेतो. चौकार म्हणजे चार. सासूबाईंच्या वहीत चार, मैदानावरच्या फळ्यावर चार, मुंबईच्या पेपरात चार. जुळलं नाही तर आपली चूक, पुन्हा बेरीज करा. बॉक्सिंगमध्ये उतरवून घ्यायला काही नसतंच. फेरी संपते, एक मिनिट मिळतं आणि त्या मिनिटात तुम्हाला ठरवायचं असतं. तुमचं आणि पंचाचं जुळलं नाही तर चूक कोणाची, हे बेरीज करून कळत नाही. सासूबाई हिशेब लिहीत होत्या. नातीनं मला निवाडा लिहायला सांगितलं होतं.

आणि निवाडा करायची आपल्याला, बायकांना, सवय कुठे आहे? आपल्याला गुण देणारे पाच जण मात्र कायम हजर. बघायला आलेली मंडळी आठवा. चालून दाखव, नाव सांग, भक्तामर येतं का, स्वयंपाक काय काय येतो. घरी गेल्यावर निरोप. त्या पाचांनी काय बघितलं, कशाला किती गुण दिले, हे मुलीला कोणी सांगितलं नाही. तिनं समोरच्या मुलाला किती दिले, हे तर कोणी विचारलंच नाही.

या खेळातही तेच होतं. इंग्लंडच्या हौशी संघटनेनं बायकांना रिंगणात येऊ दिलं ते १९९६ साली. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा २००१मध्ये अमेरिकेत स्क्रँटन इथे झाली, तिथे मणिपूरच्या एका शेतमजुराच्या मुलीनं रौप्यपदक जिंकलं. तीच मेरी कोम. ऑलिम्पिकमध्ये पुरुष १९०४पासून लढत आहेत. बायका उतरल्या २०१२ला, लंडनला. तोवर मेरी पाच वेळा जगज्जेती झाली होती आणि जुळ्या मुलांची आई. तिथे तिला कांस्य मिळालं. उपांत्य फेरीत ती ब्रिटनच्या निकोला ॲडम्सकडून हरली, ११-६.

अकरा-सहा! हा आकडा बघा आणि टोकियोचा तीन-दोन बघा. खेळ तोच, आकडे वेगळ्याच जातीचे. त्यामागे एका अन्यायाची गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१९८८चं सोल ऑलिम्पिक. अंतिम लढतीत अमेरिकेचा १९ वर्षांचा रॉय जोन्स आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. मोजणाऱ्यांनी ठोसे मोजले, जोन्सचे ८६, पार्कचे ३२. पाच पंचांपैकी तिघांनी पार्कला विजयी ठरवलं. सभागृहात यजमान प्रेक्षकांनाही नवल वाटलं. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा मुष्टियोद्धा म्हणून करंडक दिला तो रौप्यपदकावर समाधान मानलेल्या जोन्सला. एवढी नाचक्की झाल्यावर संघटना जागी झाली. माणसाच्या मतावर विसंबायचं नाही, यंत्र आणू या, असं ठरलं.

१९९२च्या बार्सिलोनापासून ऑलिम्पिकमध्ये यंत्र आलं. पाच पंचांपुढे प्रत्येकी दोन बटणं, एक लाल आणि एक निळं. ठोसा नीट बसलेला दिसला की बटण दाबायचं. पाचपैकी तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तर एक गुण. दोघांनीच दाबलं तर ठोसा वाया. मेरीचा ११-६ हा त्या पद्धतीचा शेवटच्या काळातला आकडा. म्हणजे क्रिकेटसारखंच झालं म्हणायचं, ठोसे मोजा आणि बेरीज करा. पण झालं उलटंच. सेकंदाच्या आत तिघांच्या बोटांचं जुळावं म्हणून जो ठोसा लांबून स्वच्छ दिसतो तोच मोजला जाऊ लागला. जवळ घुसून पोटात, बरगडीत मारलेले ठोसे हिशेबातून गळू लागले. लढवय्ये टिचकी मारल्यासारखा एक ठोसा मारून मागे पळायला शिकले. आणि ज्याला फसवायचंच आहे त्याला बटणही अडवत नाही. तो दाबतच नाही!

म्हणून २०१३पासून पुन्हा जुन्या वाटेवर. फेरी पूर्ण बघा, मग ठरवा. जिंकेल त्याला दहा, दुसऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी. बघायचं काय, तेही ठरवून दिलं. सगळ्यात आधी नियमानं बसलेले चांगले ठोसे, म्हणजे मुठीच्या पुढच्या भागानं, डोक्याच्या किंवा कमरेवरच्या अंगाच्या पुढून किंवा बाजूनं. मग लढतीवर ताबा कोणाचा, डावपेच कोणाचे सरस, आणि शेवटी जिद्द. पण माणसं तीच राहिली. २०१६च्या रिओमध्ये पुन्हा गोंधळ, आणि पुढे चौकशीत निकाल फिरवण्याची व्यवस्थाच असल्याचं बाहेर आलं. रिओत काम केलेल्या ३६ पंचांपैकी एकालाही टोकियोला बोलावलं नाही. जागतिक संघटनेला बाजूला ठेवून ऑलिम्पिक समितीनं टोकियोचं बॉक्सिंग स्वतःच्या हाती घेतलं. पाचही पंचांचे गुण धरायचे आणि प्रत्येक फेरीनंतर ते उघड दाखवायचे, असा नियम केला.

आता त्या दुपारकडे परत येऊ. पहिल्या फेरीत पाचपैकी चौघांनी व्हॅलेन्सियाला दिलं, एकानं मेरीला. दुसऱ्या फेरीत तिघांनी मेरीला, दोघांनी व्हॅलेन्सियाला. तिसऱ्या फेरीतही तिघांनी मेरीला. मग तीनपैकी दोन फेऱ्या जिंकलेली हरली कशी? त्या दिवशी सगळा देश हेच विचारत होता. खुद्द मेरीलाही आपण जिंकलो असंच वाटलं होतं, हरल्याचं तिला नंतर कळलं.

नातीनं कागदावर मांडून दाखवलं. पाच पंच, तीन फेऱ्या, म्हणजे पंधरा चौकटी. व्हॅलेन्सियाच्या चौकटी चार अधिक दोन अधिक दोन, आठ. मेरीच्या एक अधिक तीन अधिक तीन, सात. फेरी कोणाची हे पाचजण मिळून ठरवत नाहीत. प्रत्येक पंच स्वतःच्या तीन चौकटींची बेरीज करतो आणि स्वतःचा विजेता सांगतो. मग पाच विजेते मोजायचे. तीन पंचांच्या कार्डावर व्हॅलेन्सिया पुढे होती, दोघांच्या कार्डावर मेरी. पंधरा चौकटींत एका चौकटीचा फरक! एका पंचानं एकच फेरी उलटी दिली असती, तर आठ-सात मेरीकडे झुकलं असतं आणि निकालही पालटला असता, अशी ती लढत होती.

तो कागद बघितल्यावर माझा राग उतरला. सोलला चोरी झाली होती. टोकियोत मला तरी चोरी दिसली नाही. पाच माणसं चौरस रिंगणाच्या वेगवेगळ्या अंगांनी बसलेली. एकाला मेरीची पाठ दिसते तेव्हा दुसऱ्याला तिचा चेहरा. ठोसा हातमोज्यावर अडला की गालावर बसला, हे एकाच जागेवरून कळत नाही. आपल्याकडे याला शब्द आहे. अनेकांत. वस्तूला अनेक बाजू असतात, एका जागेवरून दिसतं ते एका नयाचं ज्ञान. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण पाठशाळेत ऐकली. आणि शब्दाची मौज बघा, मराठीत निवाडा करणाऱ्याला पंचच म्हणतात, पंच म्हणजे पाच. पाचामुखी परमेश्वर, असं गाव म्हणत आलं.

पण अनेकांताचा अर्थ काहीही चालतं असा नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याच समाजात तो असा वापरला जातो. कोणी उघड खोटं बोललं की म्हणायचं, जाऊ दे, अनेकांत आहे. नाही! आपल्या जागेवरून जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगणं, ही पहिली अट. सोलच्या तीन पंचांची जागा वेगळी होती म्हणून त्यांचा निकाल वेगळा आला, असं कोण म्हणेल? दिसलं एक आणि लिहिलं दुसरं, हे असत्य आहे. पाचामुखी परमेश्वर असतो, तो पाचही मुखं खरं बोलणारी असतील तरच.

मग फरक ओळखायचा कसा? मतभेद कुठला आणि चोरी कुठली? इथे मला घरबसल्या लिहिलेल्या कार्डाची किंमत कळते. लढत झाल्यावर ॲपमध्ये जगभरच्या लोकांची कार्डं एकत्र दिसतात. लढत अटीतटीची असेल तर ती निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तिथे पंचांनी काहीही दिलं तरी रिमोट आपटायचं कारण नाही. पण जिथे जवळजवळ सगळ्या लोकांना एक दिसलं आणि पंचांनी दुसरं लिहिलं, तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत आपली सरिता देवी उपांत्य फेरीत यजमान कोरियाच्या मुलीकडून हरली असं ठरवलं. पदक द्यायच्या वेळी सरितानं आपलं कांस्य त्या कोरियन मुलीच्याच गळ्यात घातलं आणि रडत उभी राहिली. तिच्यावर वर्षभराची बंदी आली. तिला माफीही मागावी लागली. एकट्या बाईचं कार्ड होतं ते. त्याच्या मागे हजारो कार्डं लिहिलेली असती, तर तिला एवढं एकटं पडावं लागलं नसतं असं मला वाटतं.

पण आपलं कार्डही तपासावं लागतं. आमच्या घरात आता काही नियम आहेत. टीव्हीचा आवाज बंद, कारण समालोचक आपल्या देशाच्या प्रत्येक ठोशाला ओरडतो आणि कान डोळ्यांना फसवतात. फेरी संपल्यावर मिनिटभरात गुण लिहायचे, नंतर बदलायचे नाहीत. एकमेकींचं कार्ड तीन फेऱ्या होईपर्यंत बघायचं नाही. कॅमेरा एका बाजूनं दाखवतो, म्हणून आपण फार तर एक जागा, पाच नाही, हे लक्षात ठेवायचं. आणि आठवड्यातून एकदा अशी लढत बघायची जिच्यात आपलं कोणी नाही. उझबेकिस्तान आणि ब्राझील, कोणीही. तिथे आपले गुण बहुतेक पंचांशी जुळतात, मी पडताळून पाहिलंय. आपलं माणूस रिंगणात आलं की जुळेनासे होतात. राग म्हणजे नुसता क्रोध नव्हे, राग म्हणजे आसक्तीही, आणि तो द्वेषाइतकाच डोळ्यांवर येतो, हे प्रवचनात शंभर वेळा ऐकलं होतं. लाल-निळ्या चौकटीत स्वतःच्या हातानं लिहिलेलं बघितल्यावर पटलं.

मागच्या वर्षी मेरी-व्हॅलेन्सिया लढत मी पुन्हा बघितली, आवाज बंद करून. पहिली फेरी या वेळी व्हॅलेन्सियाला दिली. नाइलाजानं नाही, तशी दिसली म्हणून. दुसरी मेरी, तिसरी मेरी. तीस-सत्तावीसचं एकोणतीस-अठ्ठावीस झालं. माझ्या कार्डावर मेरी अजूनही जिंकते आणि नातीच्या कार्डावर अजूनही हरते. आता आम्ही भांडत नाही, कोणती चौकट वेगळी आली तेवढं बघतो. ती तिसरी फेरी आहे. त्या एका फेरीवर आमची अर्धी रात्र जाते.

एक गोष्ट सांगून थांबते. सोलला ज्याला सुवर्णपदक मिळालं त्या पार्क सी-हुनचं काय झालं? जगानं त्याला चोर ठरवलं. चोरी पंचांची, शिक्षा त्याला. तो रिंगणात होता, ठोसे त्यानं खाल्ले होते, लढत कशी झाली हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? २०२३ साली, म्हणजे ३५ वर्षांनी, तो अमेरिकेत रॉय जोन्सच्या घरी गेला. सोबत मुलगा होता. ते सुवर्णपदक त्यानं जोन्सच्या हातात ठेवलं, हे तुझं आहे म्हणून. जोन्सला रडू आवरेना.

दशलक्षण पर्व संपलं की आपण क्षमावाणीला एकमेकींच्या घरी जातो आणि हात जोडतो. कधी कधी वाटतं, ते आता पाठ झाल्यासारखं झालंय. पार्कची गोष्ट ऐकल्यापासून मी क्षमावाणीच्या आदल्या रात्री एक करते. वर्षभरात मी मनात ज्यांना गुण दिले, सुनेला, जावेला, शेजारणीला, ते एकदा कागदावर मांडते, फेरीवार. कुठली फेरी मी खरंच बघितली आणि कुठली दुसऱ्याच्या ओरडण्यावरून लिहिली, हे तपासते. गेल्या खेपेला दोन घरी जाऊन मला गुण बदलून द्यावे लागले.